अण्णांची गोळी

शिवाजीनगर, बेंगळूर
१२ जानेवारी १९६२

चि. हयवदन यास,

आशीर्वाद. सवयीने लिहिले आहेत, मनापासून नव्हेत. इकडे थंडी बेताची. अण्णांचं प्रेशर एकशे साठ. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

दसऱ्याला पुण्याहून दोन दिवस आलास, कॉफी प्यायलास आणि वडिलांकडे एकदा बघून म्हणालास, "अक्का, या गोळ्यांनी अण्णांचं मढं केलंय. बंद कर." मढं! वर्षभर त्यांना दवाखान्यात नेणारी मी. दोनशे दहावर गेलेलं प्रेशर सर्पगंधेच्या गोळीने दीडशेवर आलं, ते माझ्या हातून. मी म्हटलं, "तू डॉक्टर नाहीस, पाहुणा आहेस." त्याच संध्याकाळी तू गाडीत बसलास. त्याचा राग अजून आहे. भांडायला तरी थांबायचं होतंस.

आता ऐक. मागच्या महिन्यात एका बुधवारी सकाळी अण्णा हलसूरच्या तलावात उतरले. गळ्यापर्यंत. कपडे धुणाऱ्यांनी ओढून काढलं. घरी आणलं तर ओला कोट काढू देईनात. "स्वल्प थांब गं, दमलोय," एवढंच म्हणाले.

डॉक्टर दामोदरांनी मला समोर बसवून समजावलं. आपल्या नसांच्या टोकांशी एक रसायन साठवलेलं असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. ही गोळी तो साठाच रिकामा करते. वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. पण मेंदूतही तसेच साठे असतात, मन उभं ठेवणारे. काही माणसांचे तेही रिकामे होतात. "दर वेळी मी विचारत होतो, झोप कशी, मन कसं? तुम्ही 'छान' म्हणायचात," ते म्हणाले.

मी 'छान' म्हणत होते. कारण घर शांत झालं होतं, हयवदन. अण्णा कचेरीतून निवृत्त झाले तरी घरात ते शिरस्तेदारच होते. चाळीस वर्षं तो आवाज ऐकला. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेही त्याच आवाजाने. गोळी सुरू झाल्यावर ते खिडकीशी बसून डोळे पुसायचे आणि मी निवांत जेवायची. मला बरं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि तुझं पत्र आलं होतं, अण्णांच्या नावाचं. मी न फोडता चुलीत घातलं. त्यांनी विचारलं, "हयवदनाचा कागद आला का गं?" मी म्हटलं, "त्याला कुठे वेळ आहे तुमच्यासाठी?"

तो तलावाच्या आदल्या दिवसाचा मंगळवार होता.

ती गोळी बंद झाली. आता नवी आहे, शरीरातलं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी. वाहिन्यांत पाणी कमी, म्हणून दाब कमी. सोबत रोज केळी द्यायची. जुन्या गोळीचा अंमल उतरायला तीन आठवडे गेले. काल त्यांनी भाजीवाल्याला दारातून अशी शिवी हासडली की समोरच्या घरातले बाहेर आले. मी आत जाऊन रडले.

तुझं बरोबर होतं. म्हणून माझ्यापुढे मिरवायला येऊ नकोस. पंधरा दिवसांची रजा घे आणि त्यांच्यासाठी ये. पत्राचं मी त्यांना तुझ्यादेखत सांगणार आहे. ते मला घराबाहेर जा म्हणाले तर मध्ये पडायचं नाही.

तोवर मोठी बहीण म्हणून सही करवत नाही.

पद्मावती