झेल्डाआजींची पायधूळ

तीर्थरूप लतिकाताईस,

धाकट्या भावाचा अमेरिकेतल्या पार्सिपनीहून वाकून नमस्कार. (वाकताना कंबर कुरकुरली, पण त्याचा तुला त्रास नको.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढायचे नाहीत म्हणून तू हल्ली लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या सेक्रेटरीला खाली बोलावून घेतेस, असं तुझ्या शंतनूने कळवलं. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. नागपूरला ऊन सुरू झालं असेल. आमच्याकडे बर्फ वितळून अंगणभर चिखल झाला आहे. फोनवर तू ‘बरं, ठेवते’ म्हणून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. शिवाय तुझ्या या हेमचंद्राने एक थोर पराक्रम गाजवला आहे आणि तो घाईघाईत सांगण्यासारखा नाही.

आमच्या इलाचं एलीशी जमलं, हे तुला माहीत आहेच. मुलगा ज्यू, शाळेत गणित शिकवतो आणि आमटी वाटीला तोंड लावून पितो, तेव्हा माझी काहीच तक्रार नव्हती. त्याचे आईवडीलही सज्जन. अडचण होती ती एलीच्या आजीची. झेल्डाआजी नव्वदीच्या पुढच्या, मुलाकडेच राहतात, जन्मभर पोरांना हिब्रू शिकवलेल्या. त्यांचं म्हणणं एवढंच की मुलगी गोड आहे, पण हे लग्न आमच्या पद्धतीचं नाही, मी येणार नाही. आमच्या घरीही त्या कधी आल्या नव्हत्या. दर बोलावण्याला ‘थंडी आहे’ हे उत्तर (जुलैतसुद्धा). आणि एली त्यांच्याच मांडीवर वाढलेला, त्यामुळे आजी येणार नसेल तर तारीख ठरवायची नाही, असं त्याने सांगून टाकलं. इला आम्हाला म्हणाली, इट्स फाइन, वी विल वेट. पण असं म्हणताना तिने ओट्यापाशी उभ्या उभ्या चिवड्याचा अख्खा डबा संपवला. ती लहानपणापासून रडत नाही, चिवडा खाते. तेव्हाच मी ठरवलं की आता आपण मध्ये पडायचं.

मी हिब्रू शिकायला घेतलं. फोनवर एक अ‍ॅप मिळालं. ही भाषा उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्यात घशाच्या तळातून काढायचे काही आवाज आहेत. मी ते बाथरूममध्ये घोटायचो. मंजुषाला वाटलं मला खोकला झालाय. आठवडाभर आल्याचा काढा प्यायलो, पण नेट सोडला नाही. मग मला एक नामी कल्पना सुचली. आपण वडीलधाऱ्यांना घरी बोलावताना काय म्हणतो? आमच्याकडे पायधूळ झाडा. एखाद्या म्हाताऱ्या बाईला तिच्याच भाषेत हे म्हटलं, तर ती विरघळणार नाही का? शब्दकोशात ‘धूळ’ पाहिलं, तिथे ‘अफार’ मिळालं. ‘पाय’ या शब्दाचं अनेकवचन काही जमेना, तेव्हा पाय गाळले. तुमची धूळ आमच्या घरी आणा, एवढं वाक्य पक्कं केलं आणि ऑफिसला ड्राइव्ह करताना रोज घोकलं.

पुढच्या रविवारी एलीच्या घरी जेवायला गेलो. सूप झाल्यावर मी द्राक्षाच्या रसाचा पेला घेऊन उभा राहिलो, आजींकडे वळलो आणि वाक्य म्हटलं. एलीच्या आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. एलीचे वडील छताकडे बघू लागले. आजींनी कानामागे हात धरून पुन्हा म्हणायला सांगितलं. मला वाटलं त्यांना आवडलं, म्हणून मी आणखी मोठ्याने, घशातल्या आवाजासकट म्हटलं. तेव्हा इला दबक्या आवाजात म्हणाली, “बाबा, प्लीज सिट डाउन.”

ताई, प्रकार असा की अफार म्हणजे नुसती धूळ नव्हे, माती. त्यांच्या ग्रंथात देवाने पहिला माणूस अफारमधूनच घडवला आणि पुढे त्याला बागेबाहेर काढताना ऐकवलं की तू अफार आहेस आणि अफारमध्येच परत जाशील. म्हणजे नव्वदी ओलांडलेल्या बाईला, तिच्या लेकासुनेसमोर, मी दोनदा म्हणालो होतो की आजी, तुमची माती आमच्या घरी आणा.

दुसरा कोणी असता तर खचला असता. मी मात्र शांतपणे सगळा उलगडा केला. आमच्याकडे पूर्वी मोठी माणसं कोसकोस चालत येत, दाराशी पाय झटकत, ती धूळसुद्धा आम्ही भाग्याची मानतो, आणि तुम्ही एकदा आमच्या घरी यावं एवढंच म्हणायचं होतं, हे मी अत्यंत ओघवत्या भाषेत मांडलं. आजी माझ्याकडे (म्हणजे साधारण आमच्या बाजूला) रोखून बघत होत्या. मग त्यांनी नॅपकिनने ओठ टिपले आणि म्हणाल्या, “पायांनी उडते ती आवाक. अफारची मला अजून घाई नाही.”

एलीचे वडील आधी हसले, मग सगळेच. पण आजी हसल्या नाहीत, त्या शिकवायला लागल्या. इतक्या वर्षांनी चुकणारा विद्यार्थी समोर आला होता, तो त्या सोडतात कशाला? म्हणाल्या, अफारला घाबरू नका. आमच्या पूर्वजाला देवाने हाच शब्द वापरून आशीर्वाद दिला, की तुझी मुलंबाळं धुळीच्या कणांइतकी होतील, कोणाला मोजता येणार नाहीत. (इला तत्काळ म्हणाली, टू इज प्लेंटी.) आणि आवाक तर याहून जवळची, कारण थोरांच्या पायांची धूळ अंगावर येईल इतकं जवळ बसून शिकावं, असं त्यांच्या जुन्या गुरुजींनी सांगून ठेवलंय. मंजुषा म्हणाली, हे तर आमचंच. आजी म्हणाल्या, नाही, आमचं. दोघींचा त्यावर बराच वाद झाला आणि माझा केक तसाच राहिला. तेव्हापासून दर मंगळवारी मी आजींकडे शिकवणीला जातो. त्या चुकीला टेबलावर चमचा आपटतात.

आणि मागच्या शनिवारी त्या आमच्याकडे आल्या. स्वतःहून. एलीने गाडी दारात लावली, पण आजी अंगणातल्या चिखलातून काठी टेकत आल्या. आमच्याकडे आत बूट चालत नाहीत हे तुला माहीत आहे, मंजुषा प्लंबरलासुद्धा बूट काढायला लावते. आजींनी चपलांच्या स्टँडकडे पाहिलं, मंजुषाकडे पाहिलं आणि बुटांसकट आत येऊन दिवाणखान्यातल्या पांढऱ्या गालिच्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मग एक पाय आपटला, दुसरा आपटला, म्हणाल्या, “आवाक,” आणि चहा मागितला.

पण मंजुषाने खुर्ची आणली, त्यांना बसवलं आणि खाली वाकून त्या चिखलाच्या बुटांना हात लावून नमस्कार केला. आजींना वाटलं ही नाडी बांधतेय. बुटांना नाडीच नाही असं त्या समजावू लागल्या. इलाने कानाशी जाऊन अर्थ सांगितला. आजींनी मंजुषाच्या डोक्यावर हात ठेवला, हिब्रूत काहीतरी पुटपुटल्या (मला ‘आणि’ हा शब्द स्पष्ट समजला) आणि एलीला विचारलं की लग्नाची तारीख कोणती धरताय, मला नवा ड्रेस शिवायचाय. इला स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो, तर तिच्या हातात चिवडा नव्हता. रडत होती.

तारीख ऑक्टोबरमधली ठरली आहे. एवढं कळवून तुझ्या यशस्वी भावाचे हे पत्र पुरे करतो. तिकडच्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
हेमचंद्र

ता. क. गेल्या मंगळवारी आजींनी विचारलं की तुमच्या घरात तुमच्याहून मोठं कोणी आहे का. मी म्हटलं, ताई आहे, नागपूरला. ती लग्नाला येणार ना, असं त्यांनी विचारल्यावर मी हवामानाबद्दल बोलू लागलो. ताई, दिवाळीत तू जे म्हणालीस, ‘पोर आपली आहे, पण असल्या लग्नाला मी येणार नाही,’ ते मी त्यांना कसं सांगू? शंतनू व्हिसाचं बघायला तयार आहे. खरं तर एवढंच लिहायचं होतं.

ता. क. दुसरे. वन्सं, मंजुषाचा नमस्कार. हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. त्या रविवारी यांनी कसलाही उलगडा केला नाही. खाली बसले ते जेवण होईपर्यंत टेबलक्लॉथवरची फुलं बघत होते. आजींना सगळं मी सांगितलं. पायधूळ म्हणजे काय ते सांगताना तुमचंच उदाहरण दिलं. मी नवी सून असताना तुम्ही आमची एक खोली बघायला उन्हातून चालत आला होतात आणि दारातच, ‘आता हे घर झालं,’ म्हणाला होतात, ते. आजींनी तेव्हाच विचारलं, ती बाई लग्नाला येणार का? मी हो म्हणून बसले आहे. मंगळवारी यांना विचारलं ती नुसती परीक्षा. तुमच्या शेजारची खुर्ची त्यांनी स्वतःसाठी मागून घेतली आहे. आता काय करायचं ते तुम्हीच बघा.