काळी खिडकी, निळी खिडकी

सोमवार, ४ मार्च
ऑफिसच्या संगणकांवरचा मेनू बदलला. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी काढून तिथे निळी बसवली. सहा संगणक, बारा मिनिटं. कुणाला विचारलं नाही— विचारायचंय काय त्यात? काळी जुनाट, निळी नवी.

मंगळवार, ५ मार्च
अराबा मॅडम सकाळीच दारात. "माझी काळी खिडकी कुठे गेली रे?"
म्हटलं, तीच आहे, नुसता रंग दिलाय. तुमच्या आज्ञा त्याच टाइप करा.
"रंग द्यायला ती काय होडी आहे?"
तीस वर्षं या हवामान कार्यालयात आहेत. रोज संध्याकाळी पावसाच्या नोंदींची प्रत काढून ठेवायची, हे काम त्यांचं. बदल म्हटला की कुरकुर आलीच!

शुक्रवार, १५ मार्च
आंबवलेल्या मक्याचे केंके-गोळे आणि तळलेली मासळी. जरा जास्तच झाली.

सोमवार, २५ मार्च
घोटाळा! अक्राच्या मुख्य कार्यालयाने महिन्याच्या नोंदी मागितल्या. चार तारखेपासूनची फाइल मिळाली एकच— कालची.
तासाभराने डोक्यात प्रकाश पडला. मॅडमच्या आज्ञेत तारखेची एक खूण असते. काळी खिडकी त्या जागी त्या दिवसाची तारीख घालायची. निळी खिडकी ती खूण तशीच ठेवते. म्हणजे फाइलचं नाव रोज तेच, आणि आजची प्रत कालची पुसून तिच्या जागी. पाऊस मोजणारं मूळ यंत्र तर प्रत काढली की रोज रिकामं होतं. तीन आठवड्यांचा पाऊस गेला.
कार्यालयप्रमुख क्वांसा साहेब सर्वांसमोर कडाडले, "मॅडम, तीस वर्षं काम करून हे?"
मॅडम गप्प. मीही गप्प. 

मंगळवार, २६ मार्च
मॅडमची बदली— बोल्गाला! देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, या वयात. कारण: निष्काळजीपणा.
मेनू पुन्हा काळा केला. दोन मिनिटं लागली. हुकूम काही त्याने मागे येत नाही. करून सवरून नामानिराळा राहिलो. लाज वाटते.

बुधवार, २७ मार्च
एकट्याने माफी मागायला गेलो असतो तर साहेबांनी दारात उभंच केलं नसतं. वडीलधारं तोंड हवं. ऑफिसचे म्हातारे ड्रायव्हर एग्या अट्टा यांना घेतलं, काखेत रिवाजाप्रमाणे माफीची जिनची बाटली.
एग्या म्हणाले, "साहेब, पोराने शेण खाल्लंय. कबूल करायला आलंय. चूक पोटात घ्या."
साहेबांनी सगळं ऐकलं, बाटली ठेवून घेतली. "मॅडमची बदली रद्द."
धावतच सांगायला गेलो. मॅडम सामान बांधत होत्या. हात थांबले.
"तुला कुणी सांगितलं होतं?"
म्हटलं, मॅडम, चूक माझी होती—
"ते काय मला ठाऊक नव्हतं? म्हणूनच तोंड मिटून बसले! मुलगी बोल्गाला, जुळी नातवंडं बोल्गाला. पाच वर्षं अर्ज करतेय, दर वर्षी नकार. आता कुठे जमलं होतं, आणि हा निघाला शहाणा माफी मागायला!"

गुरुवार, २८ मार्च
बोल्गाला कुणीतरी जायला हवंच होतं. हुकूम आला— माझ्या नावाचा. मॅडमनी जुळ्यांचे कपडे दिलेत, पोचवायला.