जोडाच्या पुढे चार बोटं

प्रिय सिद्धोधन,

तुझा फोन लागत नाही म्हणून चांगुणाकाकूंकडून पत्ता घेतला. त्यांनी तो दिला खरा, पण आधी मला समोर बसवून तुझ्या नावानं मनसोक्त बोटं मोडली. पोटचं पोरगं चाकणला जाऊन जगाच्या गाड्या जोडायलंय आणि इथं घरच्या दाराची कडी निखळली तर लावायला कुणी नाही, असं त्यांचं म्हणणं. कडी मी लावून दिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पडली. लोखंडाचं आणि माझं कधी जमलंच नाही, ते खातं तुझं.

गावाचं काय सांगू? फाट्यापासून वेशीपर्यंतची काळी माती तशीच आहे. मधे रस्त्याचे मोजणीवाले येऊन चुन्याच्या रेघा मारून गेले, त्या मेंढरांनी पायानं पुसल्या. तुझ्या वेल्डिंगच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी मंगल कार्यालयाची जाहिरात रंगवली आहे. आपली जीप आमच्या लिंबाखाली मागच्या अंगानं जमिनीला टेकून बसली आहे आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. मी तिच्याकडे फारसं बघत नाही. बघितलं की त्या दिवशी हाताला काम लागत नाही.

आपण ती आणली तेव्हा सगळ्यांनी आपल्याला वेड्यात काढलं होतं. मग पहिल्याच पावसाळ्यात तिनं शाळेच्या मास्तरांची गाडी ओढून काढली, खताचा टेम्पो काढला, आणि त्या पालमच्या नवरदेवाची गाडी. तो बाशिंग बांधून आत बसलेला, नवे बूट खराब होतील म्हणून खाली उतरेना. तू त्याला म्हणालास की लग्न बुटाचं आहे का तुझं, आणि त्याच्या करवल्या चिखलात उभ्या राहून हसल्या. चारही चाकं ओढणारी गाडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती. पाऊस लागला की लोक आधी आभाळाकडे बघायचे आणि मग माझ्या दाराकडे.

मग त्या उसाच्या ट्रॉलीनं मागची आडवी पट्टी हुकासकट वाकवली. तू खाली शिरलास, हातोडीनं ठोकून बघितलंस आणि म्हणालास, "इंजिनात लय दम हाय, पण ओढ झेलायची चासीला. मागून ही गाडी पापड झाली." अख्खा ज्येष्ठ तू तिच्या खाली पाठीवर पडून काढलास. गंजकी पट्टी कापून टाकली, चासीच्या दोन्ही लांब तुळयांच्या टोकांना जाड पत्रे चढवले, त्यांच्यात नवी आडवी पट्टी बसवली, हूक आरपार बोल्टानं आवळला. मी वरून बशीतला चहा खाली सरकवायचो. त्या वर्षी पोळ्याला बैलांसोबत तिलाही झूल घातली, बंपरला शिंगांचा हिंगूळ लावला, आणि तुझ्या नर्मदावहिनीनं तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला.

आपल्याकडची ती खोड तुला ठाऊक आहे. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की बघे मागच्या पट्टीवर चढून उभे राहतात, गाडीला वजन द्यायला. पट्टी जुनी होती तेव्हा चारच चढायचे, तेही भीत भीत. तुझे पत्रे बसल्यावर आठ-नऊ चढायला लागले. त्यांच्यातला पंडित सगळ्यांना हात देऊन वर घ्यायचा आणि म्हणायचा, "सिद्धूचं काम हाय, हत्ती उभा करा." तू हसायचास. आम्ही सगळेच हसायचो. ओढ एकीकडं, माणसांचं वजन दुसरीकडं, आणि मधे ती म्हातारी चासी, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवसाची दुपार. आमची सून राजेश्री, आठवा महिना. तिला आई नाही, त्यामुळं बाळंतपणाला माहेर नाही. पोळा झाला की पालमला दवाखान्याजवळ खोली करून ठेवू, असं ठरवून आम्ही निवांत होतो. कळा आधीच आल्या. ॲम्ब्युलन्स गावात पोचली तेव्हा आमच्या पोरानं, परमेश्वरनं, देवाला हात जोडले, आणि तिला घेऊन परत जाताना तीच ओढ्याच्या उतारावर रुतली. आत सलाईन चालू होतं, तिला हलवू नका म्हणाले. मी जीप आणली, तू तिला दोर बांधलास. नऊ जण मागं चढले. ॲम्ब्युलन्स हातभर हललीसुद्धा. मग तो आवाज आला आणि मला वाटलं दोर तुटला. दोर शाबूत होता, जीपच मागून खाली बसली होती. मग बाज आणून राजेश्रीला तिच्यावर घेतलं. उशाकडचा खूर तुझ्या खांद्यावर होता, चपला चिखलात गेलेल्या. फाट्यावर पोचेपर्यंत मुलगी झाली होती. ती रडली नाही.

त्यानंतर पंडित हॉटेलात बसून म्हणत होता की वेल्डिंग कच्चं होतं. माझ्या कानावर आलं तोवर तू शटर ओढून निघून गेला होतास.

म्हणून मागं पालमच्या मेस्त्रीला बोलावून जीप दगडांवर चढवली. सिद्धोधन, तुझा एकही टाका सुटलेला नाही. पत्रा, पट्टी, हूक, सगळं जिथल्या तिथं आहे. चासी फाटली ती जोडाच्या पुढे चार बोटं, जुन्या लोखंडात, दोन्ही बाजूंनी. मेस्त्री म्हणाला, पत्रा सरळ कापून संपवला की सगळा ताण त्याच्या पुढच्या एका रेषेवर येतो. तो पुढं लांबवर न्यायचा आणि टोकाला तिरपा करायचा. जुन्या गोधडीला कोरं ठिगळ लावलं की ती ठिगळाच्या कडेनं फाटते, तसंच. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. त्यात बरं वाटण्यासारखं काही नाही. जोड टिकला आणि पोर गेली.

परमेश्वर कामापुरतं बोलतो. नर्मदानं पाळणा माळ्यावर टाकला. मी त्या दिवसापासून स्टेअरिंगला हात लावलेला नाही. गेल्या आठवड्यात मी गंगाखेडच्या भंगारवाल्याला बोलावलं. तो गॅसकटर घेऊन आला, नळी जोडायला लागला, तेवढ्यात राजेश्री घरातून आली आणि जीपच्या मागच्या पट्टीवर जाऊन बसली. काही केल्या उठेना. भंगारवाला तसाच परत गेला.

तिला पुन्हा दिवस गेलेत. चौथा महिना आहे, म्हणजे दिवस भरणार भाद्रपदात, परत तोच चिखल. या वेळीही लवकर येईल अशी डॉक्टरांना भीती आहे. श्रावण लागायच्या आत तिला पालमला न्यायचं ठरलंय, पण ठरलं मागच्या वेळीही होतं. मला आता ना लोखंडाचा भरवसा वाटतो, ना देवाचा, ना माझ्या हातांचा. मी तिला म्हणालो, परभणीहून चांगला वेल्डर आणतो. तर पट्टीवरचा हात न काढता म्हणाली, "मामा, सिद्धोधनकाकालाच बोलवा. त्या दिवशी बाजेवर माझ्या उशाला त्येच रडायलते. दुसऱ्या कुणाच्या जोडावर मी बसणार न्हाई." मला तिला नाही म्हणता आलं नाही, आता तुला जमतं का बघ. ज्येष्ठाच्या आत ये. पत्रा या वेळी तिरपा काप.

तुझाच, चहाची बशी धरून उभा असलेला
महारुद्र