काच उघडी ठेवली होती

४ जुलै, शुक्र.
साडेआठ. अंगणातल्या डब्यातलं पाणी मोजलं. मापाचा ग्लास सात वेळा भरला. छत्री उलटी झाली, पदर चिंब, पण आकडा चुकवला नाही. सासरे गेल्यापासून हे मोजणं माझ्याकडे. पगार नाही, कुणी विचारत नाही, तरी सुटत नाही.

दहाला फोनवर तालुक्याच्या पावसाची यादी आली. अणशीकडे धो धो, उळवीकडे धो धो. आमची पंचायत सगळ्यात खाली. पाऊस शून्य! ओल्या साडीत उभी राहून शून्य वाचतेय.

जोयड्याला तालुका ऑफिसात फोन केला. क्लार्क म्हणतो, "अक्का, पंचायतीमागचं मशीन सोताच आकडा पाठवतंय. मशीन खोटं कशाला बोलंल? तुमचा ग्लास जुना झाला असंल."

ग्लास जुना झाला की काय होतं? त्यात पाणी कमी मावतं?

५ जुलै, शनि.
ग्लास ९. यादीत शून्य. यादीच्या आकड्यावरून बाकीच्या गावांना निरोप, डोंगराखालच्यांनी घरं सोडा. आम्हाला काही नाही. पुन्हा फोन. "नोडोण अक्का, नोडोण." बघू म्हणे. ह्यांचं नोडोण मला पाठ आहे.

६ जुलै, रवि.
सकाळी चहाच्या वेळी देऊमामांच्या घराची मागची भिंत बसली. मातीची भिंत, वरून दरडीचा गाळ. मामी गोठ्यात होत्या म्हणून वाचल्या. मामा पंचायतीचं पाणी सोडायला गेलेले. इतकी वर्षं तेच काम.

दोघांना लायब्ररीत आणलं. पंचायतीची लायब्ररी माझ्या ताब्यात, विचारायचं कुणाला? पेपरच्या टेबलावर आता त्यांचं तांदळाचं पिंप.

निरोप आला असता तर काल दुपारीच हलवलं असतं. फार संताप झाला. कुणावर करायचा तेही कळेना.

८ जुलै, मंगळ.
तलाठी आले. भिंत मोजली, फोटो काढले, मामींनी दिलेला चहा प्याले. मग फोन उघडून म्हणाले, "त्या दिवशी इथं पाऊस न्हाई दाखवत. जुनी हुती म्हणून पडली, असं लिवावं लागंल."

म्हणजे मदत नाही. पावसाने पडली तरच सरकार भिंत बांधायला पैसे देणार.

मी म्हटलं, "तुमच्या बुटात पाणी कुठलं मग?" तलाठ्यांनी बूट काढून पाणी ओतलं. भला माणूस, पण लिहायचं ते लिहून गेले.

१० जुलै, गुरु.
जोयड्याला जाऊन आले. तीन टेबलं. तिसऱ्या टेबलावरचे साहेब, फुगलेली ढब्बू मिरची, मान वर न करता म्हणाले, "मशीनचा आकडा पाहिजे."

येताना बसमध्ये डोक्यात आलं, ते मशीन आपण शेवटचं कधी पाहिलं? ते आपलं आपण आकडे पाठवतं, म्हणून तिकडे कुणी फिरकतच नाही. उतरले ती थेट पंचायतीमागे. गुडघाभर गवत, पायाला तीन जळवा.

मशीनवर छप्पर! गवताचं, छोटंसं, उतरतं, चार काठ्यांवर वेलाने बांधलेलं. पाऊस पडायच्या डब्यावर बरोब्बर बसवलेलं. एक थेंब आत जाणार नाही असं सुबक काम. आधी मी हसत सुटले. मग भिंत आठवली आणि हसू थांबलं.

आमच्याकडे मृगाआधी उघडं काही ठेवत नाहीत. मातीची भिंत झाकायची, लाकडं झाकायची, तुळशीलासुद्धा झावळी. आणि वेलाची ती दुहेरी गाठ साऱ्या गावात एकच माणूस मारतो.

लायब्ररीत जाऊन विचारलं.

"व्हय, मीच घातलं," देऊमामा म्हणाले. "तुम्हीच बोललासा न्हवं अक्का? मामा, सरकारी मशीन हाय, बिघडलं तर आपल्यावर येतंय, पावसाळाभर जपा. त्येच्या तर डोक्यावरच पानी पडत हुतं. काच तेवढी उघडी ठेवली. तिला ऊन लागतंय म्हणून सांगितल्यालं तुम्ही."

ऊन घ्यायची काच उघडी, म्हणून मशीन ठणठणीत चालू. रोज नेमाने शून्य पाठवत होतं.

ह्याच वहीत मागे जाऊन बघितलं. २७ मे, माझंच अक्षर: "मामांना मशीन जपायला सांगितलं. एक काळजी मिटली."

११ जुलै, शुक्र.
छप्पर मामांनीच उतरवलं. गाठ सोडताना म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळंच आमाला कळलं न्हाई?" मी म्हटलं, तसं नाही मामा. डबा कशासाठी असतो ते मीच कधी सांगितलं नव्हतं.

१२ जुलै, शनि.
ग्लास ५. यादीतही तेवढाच पाऊस. क्लार्कचा आपणहून फोन: "बघा अक्का, मशीन कसं सुधारलं! उगं काळजी करत हुतासा."
फोन आपटणार होते. माझाच आहे म्हणून आपटला नाही.

१४ जुलै, सोम.
पुन्हा तिसरं टेबल. सांगितलं, माझ्याकडे रोजचं मोजमाप लिहिलेलं आहे. ढब्बू मिरचीने प्रथमच मान वर केली. पुढच्या सोमवारपर्यंत वही आणा, बघून भिंतीचं ठरवू. मूळ वही. झेरॉक्स नको, फाटलेलं पान नको.

मूळ वही म्हणजे ही. पावसाचे सगळे आकडे हिच्यात. छप्परही हिच्यात, मामांचं नाव, २७ मे, आणि साहेबांची ढब्बू मिरची. सासऱ्यांनी पावसासाठी वेगळी वही घातली होती. मी सगळं एकात लिहीत बसले. शहाणीच मी.

१६ जुलै, बुध.
पंचायतीच्या सेक्रेटरींना आडून विचारलं, मशीनला कुणी काही केलं तर? "कामावरनं काढत्यात. वर केस."

मामींना खरं ते सांगितलं. तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "भिंत उभी ऱ्हाईल. ह्यांचं काम गेलं तर भिंतीच्या आत बसून खायाचं काय, अक्का?"

१८ जुलै, शुक्र.
नवी वही आणली. नुसता पाऊस उतरवून काढू म्हटलं. मेपासून तीन पानं झाली. एकच शाई, एकच हात, एक डाग नाही. पावसाळ्यात एवढी कोरडी वही कुणाची असते? ढब्बू मिरचीलाही कळेल. तिथेच थांबले.

जपायला मी सांगितलं होतं, असं सरळ सांगितलं तर मामा सुटतील. लायब्ररी मग माझ्याकडे राहणार नाही. दोन दिवस हेच चाललंय आणि मला भीती वाटते. लिहून ठेवते, भीती वाटते.

२१ जुलै, सोम.
ग्लास ४. मोजूनच निघाले.

वही टेबलावर सापडेना. बाहेर येऊन बघते तर मामा धुतलेला सदरा घालून उभे, काखेत वही. आधी प्लास्टिक, वर पोफळीच्या पानाची विरी, वर वेल, तीच दुहेरी गाठ. "भिजाय नको. कागद हाय," म्हणाले.

आता बस जोयड्याच्या अलीकडे थांबलीय. रस्त्यावर झाड पडलंय, तोडतायत. मामांनी गाठ सोडून वही दिली, "लिवा, मग परत बांधतो." त्यांना वाचता येत नाही. छपराची सगळी हकीकत हिच्यात आहे, एवढं मात्र काल सांगितलंय.

२७ मेचं पान बोटांत धरून बसलेय. ते फाडलं तर सगळं मामांवर, आणि फाटलेलं पान चालतही नाही. ठेवलं तर माझी लायब्ररी...

मामा खिडकीतून झाडाकडे बघत विचारतायत, "काच उघडी ठेवल्याली, ते लिवलासा न्हवं अक्का?"

"लिहिलंय मामा."

"मग बरं," म्हणाले. वेल हातात तयार धरलाय. ड्रायव्हर चढला. पान तसंच, वही देतेय.