अर्ध्या किताबाच्या दोघी

१२ नोव्हेंबर १९६३, मंगळवार

नाही म्हणजे नाही! सही करणार नाही.

वकील मिस्टर लव्हिक लंडनहून सकाळच्या गाडीने आले, माझ्या हातचा अर्धा केक संपवला, मिशा पुसल्या आणि तोच कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. बाबा गेल्यापासून चौथ्यांदा.

"मिस लेटिस, एक सही. 'थोरल्या बहिणीला किताब द्यायला माझी हरकत नाही.' बस्स, एवढंच."

ती थोरली, होनोरिया, खिडकीकडे तोंड करून बसली होती. बागेत काय ते बघण्यासारखं? सडलेल्या कोबीशिवाय काही नाही. कान मात्र सगळे माझ्याकडे.

इथे एकदा सरळ मांडून ठेवते, म्हणजे डोक्यातला वाद तरी थांबेल. रोलंड, आमचा एकुलता एक भाऊ, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेला. बाबा अडतीस साली गेले. रोलंड असता तर निमूटपणे स्ट्रेलिंगचा बॅरन झाला असता. आमचा किताब फार जुना, म्हणून तो मुलींनाही मिळतो. पण मुलींमध्ये थोरली-धाकटी नाही! दोघी सारख्याच वारस, आणि सारख्या म्हणून एकीलाही नाही. किताब अधांतरी लटकलेला. एकीने हरकत नाही असं लिहून दिलं आणि राणीने मान्य केलं, तर दुसरीला मिळेल. नाहीतर एक निपुत्रिक मरेपर्यंत थांबायचं. मागे राहील ती बॅरनेस, म्हणजे लेडी स्ट्रेलिंग.

पंचवीस वर्षं आम्ही दोघी एकाच टेबलावर उकडलेली अंडी खातोय, आणि दोघींनाही हे ठाऊक आहे.

यंदा कायदा बदलला. आमच्यासारख्या किताबाच्या बायकांनाही आता लॉर्डांच्या सभागृहात बसता येणार. तेव्हापासून तिला दम निघत नाही.

१३ नोव्हेंबर

अबोला. मुरंब्याची बरणी माझा हात पोचणार नाही अशी ठेवली. बहात्तराव्या वर्षी!

२० नोव्हेंबर

आज झगा बाहेर निघाला. राजाच्या राज्याभिषेकाला बाबांनी घातलेला लाल मखमली झगा, खांद्यावर पांढरी फर. दरवर्षी पेटीतून काढायचा, डांबरगोळ्या बदलायच्या, झटकायचा. कॉलरला कसर लागली आहे. मी रफू करायला घेतला. का घेतला कोण जाणे. सवय, दुसरं काय.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मिसेस डॅक भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "एकदा अंगावर घालून तरी बघा, लेटिसबाई. कसर खाणार त्यापेक्षा तुम्ही मिरवलेला बरा!"

"माझा नाही तो."

"मग कुणाचा?"

जेवणघरातून होनोरियाचा आवाज येत होता. भाषणाची तालीम. श्रोता एकच, मांजर. आमच्या गावची रेल्वे बंद करणार आहेत ना, त्यावर बोलायचंय तिला लंडनला. "माननीय सभासदहो, ज्या गावातून डॉक्टर बारा मैलांवर आहे..." चांगलं बोलते. हेच तर वाईट आहे. नुसती मिरवायला निघाली असती तर नाही म्हणणं किती सोपं होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून येताना तिने विचारलं, "तुला नक्की हवंय तरी काय, लेटी?"

"एडमंडबद्दल एक शब्द. 'माझं चुकलं' म्हण. सही तुझी."

ती काठी टेकत चालत राहिली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "दक्षिणेची खोली घे तू. ऊन येतं."

खोली! बेचाळीस वर्षांच्या बदल्यात खोली!

एडमंड थर्कटल. घोड्यांचा डॉक्टर. हाताला कायम जंतुनाशक कार्बोलिकचा वास. एकवीस साली मला मागणी घातली. होनोरियाने बाबांच्या कानात काय सांगितलं देवाला ठाऊक, पण त्याला दार बंद झालं. मला लग्न करू दिलं असतं, मुलगा झाला असता, तर अर्धा हक्क त्या मुलाकडे गेला असता. मग हिला किताब कधीच नाही. सरळ हिशेब होता. एडमंड पुन्हा आला नाही. त्याने निदान एकदा तरी यायला हवं होतं, हे मी कुणाजवळ बोलले नाही. आज इथे लिहिते आहे.

२ डिसेंबर

डॉ. इंगल तिला तपासून खाली आले, हातमोजे घालत पायरीशी थांबले. "हृदय थकलंय, मिस लेटिस. वसंत ऋतू बघतील, पण पुढचं सांगत नाही. त्यांना बोललो नाही. तुम्हीही बोलू नका."

दार लावून घेतलं. पहिला विचार काय आला ते लिहायला हवं, नाहीतर ही वही ठेवायची कशाला?

पहिला विचार: म्हणजे सही करायची गरजच नाही.

३ डिसेंबर

माझी मला किळस येते.

११ डिसेंबर

ती वरच्या मजल्यावर खोकते आणि मी खाली विणकाम थांबवून ऐकते. मोजते. आज सहा. काल चार. ही काळजी आहे की दुसरं काही, ते मला स्वतःलाच कळत नाही! सही नाही केली तर मी तिच्या मरणाची वाट पाहणारी. केली तर एडमंडवर पाणी सोडणारी. घर सोडून जावं तर तिला चहा कोण देणार? कुठूनही वाट नाही. ती मात्र सुखात आहे. भाषण नऊ पानांचं होतं ते चौदा झालं.

२५ डिसेंबर

टर्की कोरडी झाली. तिने मला लोकरी मोजे दिले, मी तिला लोकरी मोजे दिले.

६ जानेवारी १९६४

केली. सही केली. नाश्त्याला कागद तिच्या बशीशेजारी ठेवला.

तिने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "का?"

"कंटाळा आला गं."

बराच वेळ टोस्टचा चुरा करत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुकट नको मला. ऐक. तो परत आला होता. थर्कटल. बावीसच्या मार्चमध्ये. तू मावशीकडे बाथ शहरात होतीस. मी त्याला सांगितलं, तुझं तिकडे लग्न ठरलंय. त्याने टोपी घातली आणि गेला."

मी काय बोलले आठवत नाही. कप फुटला एवढं खरं.

तिने कागद पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि माझ्यापुढे धरलं. "सही तुझी. पेटीत टाकायचं की नाही तेही तूच ठरव."

७ जानेवारी

पोस्टाच्या लाल पेटीपर्यंत गेले. परत आले. पाकीट कोटाच्या खिशात आहे. तो आला होता! आला होता, आणि मी बेचाळीस वर्षं त्यालाच दोष देत बसले.

१३ जानेवारी

"लव्हिककडून काही आलं?" तिने विचारलं.

"सरकारी काम. वेळ लागतो."

इतकं सफाईने खोटं बोलता येतं मला हे माहीत नव्हतं. मिसेस डॅक चमचे पुसता पुसता थांबल्या. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. तिला लंडनला जाण्यासाठी बूट शिवायला टाकायचेत, उन्हाळ्यापर्यंत टिकतील असे. उन्हाळा! मी हो म्हणाले. मोचीकडे मापही देऊन आले.

१८ जानेवारी

आज पायऱ्या चढताना तीनदा थांबली. खोकला मोजणं मी सोडलंय. आकडे मात्र आपोआप कळतात.

झग्याची कॉलर पूर्ण झाली. रफू दिसत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

टाकलं! सकाळी, पाऊस भुरभुरत असताना, विचार न करता. पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला. पेटीला धरून उभी राहिले. गावचा खाटीक बघत होता. बघू दे.

घरी येऊन तिला खरं सांगून टाकलं. आजच टाकलं म्हणून.

"माहीत होतं," होनोरिया म्हणाली. "अठरा दिवस तुझ्या खिशातून पाकिटाचा कोपरा दिसत होता."

"मग रोज विचारत का होतीस?"

"विचारलं नसतं तर तुला वाटलं असतं, मला कळलंय. आणि मग तू लाजेपोटी टाकलं असतंस." दम खायला थांबली. "तेवढा तुझा हक्क होता, लेटी. तेव्हा नाही दिला मी."

एवढंच. 'चुकलं' हा शब्द नाहीच आला. पण मी रडले, आणि तिने मुरंब्याची बरणी माझ्याकडे सरकवली. मग भाषण वाचून दाखवलं. सोळा पानं. मी दोन ठिकाणी कात्री लावायला सांगितली. एके ठिकाणी ऐकलं तिने!

हलकं वाटतंय. किती वर्षांनी.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी चहा घेऊन गेले. होनोरिया गेली होती. हातात भाषण, अंगावर शाल.

नऊ वाजता मिस्टर लव्हिकचा फोन. सही आज मिळाली म्हणाले, आनंदात होते. मी त्यांना सांगितलं. मग हळूच म्हणाले, आता त्या कागदाची गरज उरली नाही.

डॉ. इंगल जिन्यावरून खाली आले. "लेडी स्ट्रेलिंग, तुम्ही जरा बसून घ्या."

मी मागे वळून होनोरियाला शोधलं.