पालीच्या पानावरचा आकडा

१४ नोव्हें., शुक्र.
भात झोडून मोकळे झालेले लोक दाखल्यांसाठी भोरला उतरलेत, माझ्या ऑनलाइन सेवेच्या दुकानात उभं राहायला जागा नाही. त्यात पालीहून सुरेखा आली. राजगडाच्या पायथ्याला ट्रेकवाल्यांना जेवण देते. माझ्या 'पायथा' साइटवर असं जेवण देणाऱ्या घरांची पानं आहेत, त्यातलं सगळ्यात जुनं तिचं. बस म्हटलं तर बसली नाही. गेल्या रविवारी जेवण सांगितलेले वेगळे आणि गडावरून उतरून पंगतीला बसलेले वेगळे. सांगितलेल्यांतले निम्मे उपाशी परत, जाताना वर चार शब्द ऐकवून गेले.
"दादा, माझ्या पानावर दिसाया पायजे किती ताटं ऱ्हायली. बुकिंग झालं की आकडा उतरला पायजे."
करून देतो म्हटलं. तर म्हणे, "न्हाई, म्या केलंय. मोबाईलवर बघून बघून शिकले. तुमी फकस्त आतला आकडा द्या."
स्क्रिप्ट, म्हणजे पानावर चालणारा छोटा प्रोग्राम, दाखवली. बरी आहे. ओळींआधीच्या मोकळ्या जागा नीट सोडलेल्या, हे विशेष. आतला आकडा म्हणजे सर्व्हरवरचा: किती ताटं सांगून झाली तो. स्पष्ट नाही म्हटलं. माझ्या साइटवर दुसऱ्याची एक ओळ आजवर चाललेली नाही.
"मग आमचं हे म्हंत्यात त्येच खरं. पुन्याच्या बुकिंग अ‍ॅपवाल्याला हो म्हनाया निघालेत. २२ ला मोटा ग्रुप हाय. त्या दिशी गोंधळ झाला तर काढून टाका माझं पान."
ती गेली की पालीतली बाकीची घरं जाणार. गुंजवण्याची तर तिच्याकडे बघूनच आली होती. मग साइटवर उरणार कोण, मी?

१५ नोव्हें., शनि.
सौ.ला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्हाला तरी कुणी शिकवलं होतं? तीही तशीच शिकली."
खरं आहे. बारावीनंतर मराठी टायपिंग, पुढचं सगळं माझं मी. पण म्हणूनच तर... कुठं पाय घसरतो ते मला माहीत आहे, तिला नाही.
तरी बघायला काय हरकत.

१६ नोव्हें., रवि.
चोर होऊन बघितलं. सुरेखाच्या स्क्रिप्टच्या जागी स्वतःचीच एक लबाड स्क्रिप्ट बसवली. पानात काय काय सापडतं ते उचलून दाखव म्हटलं. हादरलो. पाहुण्याचं नाव, मोबाईल नंबर, कुठून येणार, सगळं बाहेर. मी समजत होतो आकडा देतोय, प्रत्यक्षात बुकिंगची आख्खी नोंदच पानात ओतली होती. डोळ्याला फक्त आकडा दिसतो. स्क्रिप्टला सगळं दिसतं.
सु. असलं करणार नाही. पण उद्या कोण काय आणून चिकटवील?
चाचणीच होती म्हणून बरं. लगेच पुसलं.

१७ नोव्हें., सोम.
सापडलं! तिची स्क्रिप्ट माझ्या पानात नकोच. पानातच एक बंद खोली करायची, तिनं तिथं काय हवं ते करावं. मी खिडकीतून तीनच गोष्टी द्यायच्या: तारीख, एकूण ताटं, सांगून झालेली ताटं. खानावळीत वाढपाची खिडकी असते तसं. ताट बाहेर येतं, हात आत जात नाही.
जेवायला बोलावलेलं ऐकू आलं नाही, त्यावरून सौ.शी थोडं वाजलं.

१९ नोव्हें., बुध.
सकाळी चढवलं. दुपारी सु.चा फोन.
"दादा, आकड्याच्या जागी इंग्रजीत तीन अक्षरं आल्यात. एन, ए, एन."
मागून तिच्या नवऱ्याचा, दत्तूचा आवाज: "नान लिवलंय व्हय! इच्यार तुज्या दादाला, पंजाबी ढाबा काढायचाय का पालीत?"
त्या तीन अक्षरांचा अर्थ इतकाच, की मशीनला मिळालं तो आकडाच नाही. म्हटलं, तुझ्या वजाबाकीत चूक असणार, बघून सांगतो. संध्याकाळपर्यंत तिची ओळ न् ओळ तपासली. चूक नाही. आणखी एकदा तपासली. नाहीच.
दत्तूचं हसणं कानातून जात नाही.

२० नोव्हें., गुरु.
चूक माझी. म्हणजे माझ्या नियमाची. मराठी साइटवर इंग्रजी आकडा दिसता कामा नये, म्हणून माझा सर्व्हर प्रत्येक आकडा देवनागरी करूनच बाहेर सोडतो. इतकी वर्षं त्याचं कौतुक सांगत आलो. माणसाला ४० म्हणजे चाळीस. स्क्रिप्टला ते नुसतं चित्र. चित्रातून चित्र वजा करणार कसं? आज इंग्रजी आकडे पाठवून बघितले, तर वजाबाकी बिनचूक.
सु.ला फोन केला.
"मंजी तुमचंच व्हतं?"
"माझंच."
हसली. पण मग म्हणाली, "आकडा मराठीच दिसू द्या बरं का शेवटी. आमच्या आत्याबाईंना तेवढाच वाचता येतो. भाकरीचं पीठ त्याच मळत्यात."
म्हणजे नियम चूक नव्हता, जागा चुकली होती. हिशेब होऊ द्यायचा, सजवायचं नंतर. तेवढ्या दोन ओळी तीच लिहिते म्हणाली. लिही म्हटलं.

२१ नोव्हें., शुक्र.
चाललं. मी स्वतः दोन ताटं सांगितली, आकडा उतरला. रद्द केली, चढला. सात-आठदा केलं. गरज नव्हती.
संध्याकाळी सु.ची सुधारलेली स्क्रिप्ट. ताटं थोडी राहिली की आकडा लाल. संपली की, 'जेवण संपलं, ताक मिळेल.' ताक माझ्या डोक्यात आलं नसतं. लांबलचक आहे. सवयीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि थांबलो. खिडकी कशासाठी केली मग? न वाचता चढवली.
सौ.: "वाचलीत?"
"नाही."
"बरं वाटतंय ना?"

२२ नोव्हें., शनि.
दुकान उघडल्यापासून दाखले कमी, पालीचं पान जास्त बघितलं. आकडा उतरतोय. ग्रुप गडावर गेलाय, जेवायला उतरेल. पीठ मोजून मळलंय असा सु.चा निरोप.
आत्ता दत्तूचा फोन. स्वतःहून, पहिल्यांदाच.
"भाऊ, त्यो पुन्याचा अ‍ॅपवाला आलाय. हितं वट्यावर बसलाय."
"मग? काय ठरलं?"
"म्हनलं, आलाय तर जेवून जा. तर सुरेखा आडवी आली. म्हनती, आदी पानावर ताट सांगा, मग बसा. मोबाईल काढून तेच करतोय आता."
"आणि नंतर?"
"जेवू तर द्या त्याला."
फोन ठेवला, पान पुन्हा उघडलं. आकडा एकानं खाली.