टाकीमागची दोरी

बेसा, नागपूर
बुधवार, २९ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की सोनिकाचं सायकलवरून मन उडालं आहे आणि येत्या रविवारी आत्याचा अंकित उमरेडहून टेम्पो घेऊन तिची सायकल न्यायला येणार आहे. एवढं बोलून तुम्ही नेहमीप्रमाणे फोन आईच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र लिहिते आहे. मेसेज केला तर तोही आईच तुम्हाला वाचून दाखवते. गेटवरच्या टपालपेटीची किल्ली मात्र तुमच्या जानव्यासारखी तुमच्याजवळच असते. उद्या बुटीबोरीला कामावर जाण्याआधी वाट वाकडी करून प्रताप नगरला घरी येईन, पाकीट पेटीत टाकीन आणि वर न येता परत जाईन. सायकल रविवारी जाऊ नये असं मला वाटतं. सोनिकाचं मन उडालेलं नाही. मला राग आला आहे, आणि तो ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने लिहिणार आहे, म्हणजे मध्येच तुटणार नाही.

मे महिन्यात सोनिका मला म्हणाली, ताई, चाळीस मिनिटांनंतर सीटवर बसवत नाही. तोवर ती साध्या ट्रॅकपँटमध्ये सेमिनरी हिल्सच्या पायवाटा चढत-उतरत होती. तिच्या कोच गिरिधर सरांनी तिला पॅडच्या शॉर्ट्स घ्यायला सांगितलं होतं, पण सांगताना ते म्हणे शेजारच्या झाडाकडे बघत होते. मी तिला सीताबर्डीच्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने पॅडवर अंगठा दाबून दाखवला, लेडीज-जेन्ट्स एकच येते म्हणाला, आणि मी त्याच्याकडची सगळ्यात जाड, मऊ शॉर्ट्स घेतली. ही माझी चूक. मी रोज प्रयोगशाळेत कापड आणि फोम तपासते. जाड म्हणजे आधार नव्हे हे मला कळायला हवं होतं. मऊ फोम बसण्याच्या हाडाखाली दबतो आणि बाजूने वर येतो, म्हणजे जिथे दाब नको नेमका तिथे देतो. वर त्या पॅडला मधोमध शिवण होती. पंधरा दिवसांत तिच्या मांड्यांवर लाल पट्टे उठले.

मग मी नीट केलं. पाटावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवला, सोनिकाला पाय उचलून त्यावर पाच मिनिटं बसवलं आणि उठल्यावर जे दोन खड्डे पडले त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजलं. १२८ मिलिमीटर. आई स्वयंपाकघरातून आली, काय चाललंय ते तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली की आधी बोलली असतीस तर परातभर कणीक दिली असती, ठसा चांगला आला असता. त्या मापावरून नवी शॉर्ट्स मागवली, दोन जोड्या. बायकांच्या मापाची, पॅडला मध्ये शिवण नाही, हाडांखाली घट्ट फोम आणि पुढे पातळ, कारण डोंगरवाटेवर सायकल चालवणारा निम्मा वेळ पेडलवर उभा असतो आणि सीटवर मागेपुढे सरकत राहतो. वरून घालायला एक सैल शॉर्ट्स. आतून काहीच घालायचं नाही, हेही मी आईसमोरच सांगितलं. मला वाटलं आता भांडण होईल. आईने थोडा विचार केला आणि विचारलं की मग रोज धुवावी लागेल ना. मी हो म्हटलं. रोज धुवायची, उलटी करून, पॅड वर करून, कडक उन्हात वाळवायची. बरं, म्हणाली.

तुम्ही त्या वेळी घरात नव्हतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं. बाकी सगळ्या वेळी होतात. सायकल तुम्हीच घेऊन दिलीत. चेन कशी साफ करायची हे साठाव्या वर्षी तुम्ही व्हिडिओ बघून शिकलात आणि हात काळे करून घेतलेत. सोनिका जूनमध्ये शर्यतीत दुसरी आली तेव्हा पेढे वाटायला तुम्ही शेजारच्या देवकीकाकूंच्या घरी दोनदा गेलात, कारण पहिल्यांदा प्रेमानंदकाका घरी नव्हते. तिचे पदक घेतलेले फोटो तुमच्या स्टेटसवर आठवडाभर होते. ते सगळे फोटो कमरेपर्यंतच होते. मूळ फोटो मी काढले होते, ते पूर्ण होते. मला वाटलं की तुम्हाला फोटो नीट कापता येत नाहीत.

जुलैच्या शेवटी तिला पहिले फोड आले आणि ऑगस्टमध्ये गळू झालं. डॉक्टरीणबाईंनी ते चिरलं. तुम्ही दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून होतात, औषधं आणलीत, नारळपाणी आणलंत. गळू कुठे झालं हे तुम्ही विचारलं नाहीत. तीन आठवडे तिने सायकलला हात लावला नाही. मला खात्री होती की माझीच निवड चुकली. शॉर्ट्स मी प्रयोगशाळेत नेली, फोम दाबून पाहिला, कापड घासून पाहिलं. दोष सापडला नाही. मग मी ती वाळवून तोलली. १७२ ग्रॅम. तीन आठवडे संपले त्या शनिवारी मुक्कामाला आले आणि पुन्हा चालवायचं म्हणून आदल्या दिवशी सकाळी धुतलेली शॉर्ट्स सोनिका घालायच्या आधी तिच्या हातातून घेऊन तोलली. १९७ भरली. पंचवीस ग्रॅम पाणी. ते अंगाला लावून ती दोन तास दगडधोंड्यांवरून जात होती. चांगल्यातला चांगला पॅड ओला असेल तर जखमेची तयारीच करतो.

मी गच्चीवर गेले. पुढच्या दोरीवर तुमचे शर्ट, आईच्या साड्या. शॉर्ट्सची दुसरी जोडी टाकीमागच्या दोरीवर, जुन्या चादरीखाली, पॅड आतल्या बाजूला दुमडून. त्या दोरीबद्दल तुम्हाला सांगायला नको. आमच्या तिघींचे आतले कपडे तिथेच वाळत आले. तिथे ऊन पोचत नाही, आणि वर चादर. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. इथे बेसाला मी आठव्या मजल्यावर एकटी राहते, समोर मोकळं माळरान आहे, तरी परवापर्यंत माझे कपडे टॉवेलखालीच वाळत होते.

मी खाली येऊन आईला खूप बोलले. तू शिकलेली आहेस, समोर बसून सगळं ऐकलंस, बरं म्हणालीस आणि मग पोरीचं हे केलंस, असं सगळं. ती पोळ्या लाटत होती. एकदाच म्हणाली, "मी हात नाही लावला वं त्याले." मी तिला खोटारडी म्हटलं. तिने पुढची पोळी तव्यावर टाकली. तुम्ही हॉलमध्ये पेपर वाचत होतात. स्वयंपाकघर आणि हॉलच्या मध्ये आपल्याकडे दार नाही, नुसता पडदा आहे.

सप्टेंबरमध्ये सोनिका पुन्हा रोज चालवायला लागली. दोन्ही जोड्या ओल्या राहिल्या तर तिसरी असावी म्हणून मी आणखी दोन जोड्या घेतल्या. २१ तारखेला, रविवारी, मी सव्वानऊला घरी आले. आई देवळात गेली होती, सोनिका आंघोळीला. गच्चीवर बादलीचा आवाज आला म्हणून मी सरळ वर चढले. तुमचं झाडांना पाणी घालून झालं होतं. पुढच्या दोरीवरून तुम्ही सोनिकाची शॉर्ट्स काढलीत, आधी एक चिमटा, मग दुसरा. तुम्ही ती दोन बोटांनी धरली होतीत. पॅड आत जाईल अशी दुमडलीत, टाकीमागे नेलीत, वर चादर टाकलीत आणि चादरीची सुरकुती हाताने सारखी केलीत. देवकीकाकूंच्या गच्चीकडे एकदा पाहिलंत. तिथे कोणी नव्हतं. मी चार पायऱ्या खाली जिन्यात उभी होते.

तेव्हा मला जूनमधलं जेवण आठवलं. तुम्ही हसत सांगितलं होतं की सकाळी फिरताना प्रेमानंदकाकांनी विचारलं, "काय गा भैयाजी, पोरीची चड्डी हाय का गादी?" आपण चौघंही हसलो होतो. सोनिका सगळ्यात जास्त हसली होती. तुम्हाला ते इतकं लागलं असेल हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण तुम्हीच ते विनोद म्हणून सांगत होतात.

मी आवाज न करता खाली उतरले. थोड्या वेळाने तुम्ही आलात, मला पाहून खरंच खूश झालात आणि ऑफिस कसं चाललंय ते विचारलंत. मी ठीक म्हटलं. मी तुम्हाला काही बोलले नाही. आईला जे शब्द वापरले होते तेच तुम्हाला वापरावे लागले असते, आणि ते माझ्या तोंडून निघेनात. आईवर ओरडायला मला विचार करावा लागला नव्हता. तुमच्यासमोर मी चहा प्यायले. पुढच्या आठवड्यात शांतपणे बोलू, असं ठरवलं. बाराव्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, सोनिकाचं गळू दुसऱ्यांदा चिरावं लागलं. त्या बारा दिवसांचा दोष माझ्याकडे जातो, तुमच्याकडे नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हेच तिसऱ्यांदा झालं तर मोठं ऑपरेशन करावं लागेल आणि वर्षभर सायकल विसरायची.

मला तुमचा राग आहे तो शॉर्ट्स हलवल्याचा आहेच. पण जास्त राग त्या पेपरचा आहे. पडद्यापलीकडे आई तुमच्या वाट्याचं ऐकून घेत होती आणि तुम्ही पान उलटलंत. मी तो आवाज ऐकला होता. तिची माफी मी मागितली आहे. ती म्हणाली की जाऊ दे, त्यांचा स्वभाव आहे. तिला पहिल्यापासून माहीत होतं, बाबा. या घरात न बोलणं म्हणजे चांगुलपणा असं आम्ही तिघींनी धरलेलं आहे, आणि ते आम्ही तुमच्याकडे बघून शिकलो. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. आम्हाला शिकवलंत, सायकल दिलीत, रात्री-अपरात्री न्यायला आलात. मैत्रिणींच्या वडिलांबद्दल ऐकलं की मला तुमचा अभिमान वाटायचा. तुम्ही वाईट असतात तर मी तिथेच जिन्यातून वर आले असते.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून आणल्यावर मी सोनिकाला सांगितलं की मी गच्चीवर काय पाहिलं. ती पालथी झोपली होती. मान न वळवता म्हणाली, "मले जूनपासून माहीत आहे, ताई. तू बाबांले नको सांगू. त्यांले कसंतरी होईल." तिने रोज पाहिलं होतं. रोज ती शॉर्ट्स पुढच्या दोरीवर घालायची, संध्याकाळी टाकीमागून ओली काढायची आणि दुसऱ्या दिवशी तीच चढवायची. एकदाही तुमच्यासमोर ती परत उन्हात टाकली नाही, कारण मग तुम्हाला कळलं असतं की तिला कळलं आहे. तिसऱ्यांदा चिरून घ्यायची तिची हिंमत नाही आणि तुम्हाला सांगायचीही नाही, म्हणून मन उडालं असं तिने सांगितलं आणि तुम्ही लगेच मान्य केलंत. मी तिला दिलेला शब्द आज मोडते आहे. दहा नोव्हेंबरपासून तिला सीटवर बसायची परवानगी आहे आणि राज्याची निवड चाचणी १४ डिसेंबरला आहे. गिरिधर सरांनी तिचं नाव अजून काढलेलं नाही. हे वाचलंत की लगेच अंकितला फोन करा आणि येऊ नको म्हणून सांगा. रविवारी जेवण झालं की मी आईला माझ्याकडे घेऊन जाईन, संध्याकाळपर्यंत घरात तुम्ही दोघंच असाल. तिच्याशी सायकलबद्दल बोलू नका. तुम्ही काय केलंत ते तिला तुमच्या तोंडाने सांगा, गळू कुठे झालं होतं ते विचारा, आणि ती सांगेल तेव्हा पेपर हातात घेऊ नका. ती आधी म्हणेल, जाऊ द्या ना बाबा. तेव्हा जाऊ देऊ नका.

रागावलेली, आणि तरी तुमचीच,
हिमानी